पडलेल्या वाड्याचें मोल

साहित्याच्या मासिकांत एका घराची समीक्षा करावी, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ग्रंथास अर्थ असतो, चित्रास असतो, देवळास किंवा किल्ल्यासहि असतो, हें आपण सहज मान्य करतों. परंतु दाट वस्तींतील एखाद्या जुनाट वाड्यासहि अर्थ असतो, आणि तो वेळींच वाचला नाहीं तर कायमचा हातचा जातो, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिडे वाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्रीं पाडण्यांत आला, तेव्हां कोणी समाधान मानलें, कोणी हळहळले. परंतु त्या वाड्याचें मोल नेमकें कशांत होतें, आणि तो पडल्यावर त्यांतील काय गेलें व काय राहिलें, या प्रश्नाची शांतपणें चिकित्सा होणें अवश्य आहे. प्रश्न एकट्या पुण्याचा नाहीं. ज्या ज्या गांवांत इंग्रजी अमदानींतील जुनीं घरें बाजारपेठेच्या मध्यावर उभीं आहेत, त्या प्रत्येक गांवास आज ना उद्यां त्याचें उत्तर द्यावें लागणार आहे. आणि आमचा गोंदिया त्यास अपवाद नाहीं.

प्रकरण थोडक्यांत असें. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा सुरू केली. पुढें शाळा गेली, माणसें गेलीं, वाडा राहिला. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोरची ही जागा म्हणजे व्यापाराच्या दृष्टीनें सोन्याचा तुकडा. तळमजल्यावर दुकानें थाटलीं गेलीं आणि वरचा भाग खचत चालला. येथें राष्ट्रीय स्मारक व्हावें म्हणून महानगरपालिकेनें जागा संपादण्याचें ठरविलें, तेव्हां ताबेदार न्यायालयांत गेले आणि एका तपाहून अधिक काळ वाद चालला. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें व नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें पालिकेच्या बाजूनें निकाल दिला, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच वाडा भुईसपाट झाला. म्हणजे स्मारक करावयाचें, तर ज्याचें स्मारक करावयाचें तेंच आधीं पाडणें भाग पडलें! ही विसंगति केवळ विनोदाचा विषय नव्हे. वास्तूचें मोल आपण कोणत्या मापानें मोजतों, हा मूळ प्रश्न तिच्या पोटांत आहे.

घर वाचण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत कारागिराची: तुळई, खांब, नक्षी आणि चुन्याचें काम पाहून घराची थोरवी ठरविणें. दुसरी रीत इतिहासकाराची: त्या छपराखालीं काय घडलें, तें विचारणें. पहिल्या रीतीनें पाहतां भिडे वाड्याच्या पदरीं फारसें कांहीं पडत नाहीं. त्याच्याच जवळपास असलेला विश्रामबाग वाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा. त्याच्या दर्शनीं भागांतील सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब पाहून पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पेशवाई बुडाल्यावर १८२१ सालीं तेथें इंग्रजी सत्तेच्या आश्रयानें संस्कृत पाठशाळा भरूं लागली. १८७९ च्या आगींत त्याचा मोठा भाग जळाला. त्याच आगीच्या तडाख्यांत बुधवार वाडा तर समूळ नाहींसा झाला. विश्रामबाग पुन्हां उभारला गेला, कारण त्याचें मोल डोळ्यांना दिसणारें होतें. भिडे वाड्याला असें कांहीं दाखविण्यासारखें नव्हतें. पेठेंतील एका सुखवस्तु गृहस्थाचें तें राहतें घर होतें.

या दोन वाड्यांची गांठ इतिहासानें एकदां मोठ्या मार्मिकपणें घालून दिलेली आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं सरकारच्या वतीनें जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला, तो विश्रामबाग वाड्यांत. कार्य झालें साध्या घरांत आणि शालजोडी मिळाली कोरीव खांबांच्या छायेंत. वारसा-जतनाच्या याद्यांत ऐतिहासिक संबंधालाहि स्थान असतें, हें खरें. पण लोकांची दृष्टि आधीं नक्षीकडे वळते, आणि लोकांच्या दृष्टीमागून राज्यकर्त्यांची तिजोरी चालते. म्हणून कोरीव वाडे तगतात आणि कर्त्या माणसांचीं घरें दुकानांच्या फळ्यांमागें झांकलीं जातात.

आतां दुसऱ्या रीतीनें हाच वाडा वाचूं. मराठी वाड्याची रचना ही त्या काळच्या समाजरचनेचीच प्रतिकृति होती. दिंडीदरवाजा ओलांडला कीं चौक; चौकालगत ओसरी, तेथें हिशेब, पुराण, पाहुणे, म्हणजे पुरुषांचें जग; आणि आंत माजघर व स्वयंपाकघर, तें बायकांचें. वयांत येऊं लागलेल्या मुलीचा प्रवास बाहेरून आंत असा ठरलेला. एका माजघरांतून निघून लग्नानंतर दुसऱ्या माजघरांत जावयाचें, आणि मधला रस्ताहि कोणाच्या तरी सोबतीनें चालावयाचा. अशा रचनेंत मुलींची शाळा भरविणें म्हणजे भिंतींस हात न लावतां त्यांचा अर्थ उलटा करणें होय. मुली कोणत्या खणांत बसत, पाट्या कोठें ठेवीत, हे प्रश्न गौण आहेत. त्या रोज सकाळीं आपल्या घरांतून निघून दुसऱ्याच्या घरांत, कोणाच्या लग्नाला किंवा हळदीकुंकवाला नव्हे, तर अक्षरें शिकण्याकरितां गेल्या, ही त्या वास्तूंतील मुख्य घटना आहे.

म्हणून त्या वाड्याचा अर्थ त्याच्या भिंतींत जेवढा होता, त्याहून अधिक त्याच्या जागेंत होता. शाळा गांवाबाहेरच्या एखाद्या मिशनच्या आवारांत निघाली असती, तर तिचा अर्थ निराळा झाला असता. ती निघाली ती जुन्या पुण्याच्या गाभ्यांत, जेथें प्रत्येक ओट्यावरून रस्त्यावर नजर असे. सावित्रीबाई शाळेस जात असतां त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, असें आठवणींतून सांगितलें जातें. तो सारा विरोध त्या लहानशा रस्त्याच्या लांबीवर घडला. घरापासून शाळेपर्यंतचें तें अंतर कांहीं पावलांचें असेल. पण तें तोडावयास समाजाला किती पिढ्या लागल्या होत्या, याचा विचार केला म्हणजे त्या जागेचें महत्त्व ध्यानांत येतें. भिंती पाडतां येतात. ही जागा मात्र पाडतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाहीं. वाड्याला फुल्यांचें नांव नाहीं, भिड्यांचें आहे. यांत कोणास उपरोध दिसेल, पण आमच्या मतें तें योग्यच आहे. शाळेस शिक्षक लागतो, विद्यार्थी लागतो, तसें छप्परहि लागतें. आणि तें देणारा मनुष्य आपल्या जातभाईंच्या रोषास पात्र होतो. भिड्यांनीं जागा दिली. पुढें ३ जुलै १८५१ रोजीं बुधवार पेठेंतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यांत मुलींची दुसरी शाळा निघाली. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे या कामीं जोतीरावांचे सहकारी होते. समाजसुधारणेचा इतिहास आपण बहुधा दोन फळ्यांच्या लढाईसारखा सांगतों: इकडचे सगळे सुधारक, तिकडचे सगळे सनातनी. वाड्याचें हें नांव त्या सोप्या कथेस आडवें येतें. तें सांगतें कीं बाजू जन्मानें ठरलेल्या नव्हत्या. दरवाजा उघडावा कीं लावावा, हें प्रत्येक घरधन्याच्या हातीं होतें. माळी कुळांतील दांपत्य, ब्राह्मण घरमालक आणि पेठेंतील मुली हे तिघे एका छपराखालीं आले, हेंच या वास्तूचें खरें नक्षीकाम.

ही भारतांतील पहिली मुलींची शाळा होय काय, असा वाद अधूनमधून माजतो. समीक्षकानें येथें भाविकपणापेक्षां काटेकोरपणा बाळगावा हें बरें. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधींपासून होत्या. जोतीरावांनीं अहमदनगरास मिस फॅरार यांची शाळा पाहूनच स्फूर्ति घेतली होती. बंगालमध्यें बारासात येथें देशी गृहस्थांनीं १८४७ सालीं मुलींची शाळा काढली. मुंबईंतील विद्यार्थ्यांच्या सभेनें व कलकत्त्यास बेथून यांनीं १८४९ सालीं आपल्या शाळा उघडल्या. म्हणजे एकाच दोन-तीन वर्षांत देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत हा विचार अंकुरत होता. यानें भिडे वाड्याची थोरवी उणी होत नाहीं. त्याची थोरवी तिथीवर अवलंबून नाहींच मुळीं. १८३१ सालीं जन्मलेली, लग्न होऊन आल्यावर अक्षरें शिकलेली एक सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलींची शिक्षिका झाली, यांत ती आहे. बाहेरून कोणी उद्धार करावयास आलें नव्हतें. जी काल शिकली, तीच आज शिकवूं लागली.

त्याचें फळ किती लवकर दिसून आलें, तें पाहण्यासारखें आहे. १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता ही फुल्यांच्या शाळेंतील मांग जातीची, चवदा वर्षांच्या सुमाराची विद्यार्थिनी होती. बुधवार पेठेंत शाळा निघाल्यापासून हें अंतर अवघें सात वर्षांचें. ज्या समाजास अक्षर दिसूंहि दिलें जात नव्हतें, त्यांतील एक मुलगी आपल्या लोकांचें दुःख स्वतःच्या शब्दांत छापून आणते, हें मराठी गद्याच्या इतिहासांतहि मोठें प्रकरण आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांत निबंधाची परंपरा सांगतांना मोठमोठ्या पंडितांचीं नांवें येतात. या मुलीचें नांव पुष्कळ काळ येत नव्हतें. भिडे वाड्याचा शिलालेख कोठें शोधावयाचाच असेल, तर तो त्या निबंधांत शोधावा.

आतां प्रश्न असा कीं अशी वास्तु नष्ट झाल्यावर काय करावें? परदेशांत हा प्रश्न फार तीव्र रूपानें उभा राहिला होता. जर्मन कवि गटे याचें फ्रांकफुर्ट येथील जन्मघर २२ मार्च १९४४ रोजीं बॉम्बवर्षावांत उद्ध्वस्त झालें. योगायोग असा कीं तो दिवस कवीच्या पुण्यतिथीचा होता. घर होतें तसेंच पुन्हां बांधावें, असा एक पक्ष होता. वाल्टर डिर्क्स या लेखकानें १९४७ सालीं त्याविरुद्ध मत मांडलें. त्याचें म्हणणें असें कीं हें घर उगाच पडलेलें नाहीं; तें पडण्यास राष्ट्राचा इतिहास कारण आहे, आणि हुबेहूब प्रतिकृति उभारणें म्हणजे तो इतिहास पुसून टाकणें होय; तेव्हां निरोप घेण्याचें धैर्य दाखवावें. शेवटीं बांधणारांचा पक्ष जिंकला, व १९५१ सालीं नवें घर उघडलें गेलें. पण तेथें एक मोठी सोय होती. घराची बारीकसारीक माहिती नोंदलेली होती, आणि आंतील सामान, चित्रें व पुस्तकें आधींच सुरक्षित हलविलेलीं होतीं. भिंती नव्या असल्या तरी आंतील वस्तु खऱ्या होत्या. भिडे वाड्याच्या बाबतींत असा आधार नाहीं. म्हणून १८४८ सालचा वाडा हुबेहूब उभारण्याचा मोह झाल्यास तो नाटकांतील पडद्यासारखा होईल. लांबून देखणा आणि जवळून खोटा.

उलट बाजूचें उदाहरण लंडनमधील आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरांत डॉ. आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी म्हणून राहिले होते. घर अगदीं सामान्य. त्याच्यासारखीं घरें त्या शहरांत रांगेनें उभीं आहेत. महाराष्ट्र शासनानें तें २०१५ सालीं विकत घेतलें. तेथें संग्रहालय चालविण्यास स्थानिक परिषदेनें परवानगी नाकारली, आणि पुढें चौकशी होऊन २०२० सालीं ब्रिटिश सरकारनें ती दिली. येथेंहि विटांना किंमत नव्हती. एका विद्यार्थ्याच्या रात्रीच्या अभ्यासाला होती. परक्या देशांतील एका सामान्य घरासाठीं आपण इतकी खटपट केली, ही गोष्ट भूषणावह आहे. पण त्याच मापानें पाहतां, स्वतःच्या पेठेंतील घर आपण दुकानांच्या पाट्यांखालीं किती वर्षें झांकून ठेवलें, याचाहि हिशेब मांडला पाहिजे.

तर मग स्मारक कसें असावें? आपल्याकडील नेहमींची कल्पना ठरलेली आहे. काळा दगड, ब्राँझचा पुतळा, रंगीत दिवे, आणि उद्घाटकांच्या नांवांची संगमरवरी शिळा. यावर टीका करणें सोपें आहे, पण एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय ती करूं नये. कोणी म्हणेल: ज्यांचीं नांवें हजार वर्षांत कोणत्याच दगडावर कोरलीं गेलीं नाहींत, त्यांनीं आतां दगड मागितला तर तुम्हीं साधेपणाचा उपदेश कां करावा? राजांना वाडे, सरदारांना छत्र्या, देवांना शिखरें. आणि शिक्षिकेच्या वेळींच तुम्हांला काटकसर कशी आठवते? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टोलवाटोलवीचें उत्तर देणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. सावित्रीबाईंना भव्यता अवश्य मिळावी. वाद भव्यतेविषयीं नाहींच. ती भव्यता कोणत्या द्रव्याची असावी, एवढाच आहे.

आमचें म्हणणें असें कीं कार्याचें स्मारक त्या कार्यानेंच होतें. टिळकांनीं १९०५ सालीं घेतलेला गायकवाड वाडा आजहि ‘केसरी’च्या नांवानें ओळखला जातो, याचें कारण त्याच्या भिंती नव्हेत, तेथें वर्तमानपत्राचें काम पुढें चालत राहिलें, हें होय. वाडा कामानें जिवंत राहिला. त्याच परिसरांत १८८४ सालीं निघालेली हुजूरपागेची मुलींची शाळा पाहा. ती निघाली तेव्हांहि मुलींना काय व किती शिकवावें, यावर केवढें रण माजलें होतें! आज तेथून दुपारीं मुलींचे घोळके हंसत खिदळत बाहेर पडतात, तेव्हां त्या वादाचा निकाल कोणा न्यायाधीशानें द्यावयास नको. भिडे वाड्याच्या जागेपासून अप्पा बळवंत चौक फार लांब नाहीं. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांची मोठी बाजारपेठ तेथें आहे. म्हणजे स्मारकाच्या दाराशींच पुस्तकें आहेत, आणि पुस्तकें शोधीत हिंडणाऱ्या मुलीहि आहेत. त्यांना बसून वाचण्यास निवांत खोली तेवढी नाहीं. खेड्यांतून येऊन दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलींसाठीं येथें दिवसरात्र उघडी अभ्यासिका असावी, नव्यानें अक्षर शिकणाऱ्या बायकांचा एखादा वर्ग रोज भरावा, आणि भिंतीवर मुक्तेचा निबंध संपूर्ण कोरावा. समोर गणपतीच्या दर्शनाची रांग आहे. तिच्यासमोर दर्शनाची दुसरी रांग लावण्यानें कांहीं साधणार नाहीं. पुतळ्यास हार घालून माणूस घरीं जातो. फळ्यासमोर बसलेला माणूस मात्र शिकूनच उठतो.

ही कसोटी आतां पुण्याबाहेर लावून पाहूं. गोंदियासारख्या गांवास पेशवाईचा वारसा नाहीं. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें या गांवास मोठें केलें. जबलपूरकडे जाणारा अरुंद रुळमार्गहि येथूनच फुटला. आतां तो रुंद झाला आहे. आगगाडीमागून व्यापारी आले. भाताच्या गिरण्या निघाल्या, तेंदूपानांवर विडीचा धंदा वाढला. अशा गांवांच्या बाजारांतील जुन्या घरांना कोणी ऐतिहासिक म्हणत नाहीं, कारण त्यांत राजा राहिला नाहीं, तह झाला नाहीं. लांकडी सज्जा, कवेलूचें छप्पर, पुढें दुकान व मागें वखार असलेलीं हीं घरें एकेक करून जातात, आणि त्यांच्या जागीं कांचेच्या इमारती येतात. त्यांतील सर्व राखावींत असें आम्ही म्हणत नाहीं; तें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. पण पाडण्यापूर्वीं त्या घरास दुसऱ्या रीतीचा प्रश्न विचारला गेला पाहिजे: येथें काय घडलें? कोणत्या ओसरीवर कामगारांची पहिली सभा भरली, कोणत्या घरांत गांवांतील पहिली वाचनाची खोली होती, कोणत्या वखारींत विड्या वळणाऱ्या बायका आपल्या मजुरीसाठीं पहिल्यानें एकत्र बोलल्या? विडीच्या व्यापारांत पुढें आलेले मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली, आणि या भागांतील मुलामुलींस उच्च शिक्षणाचें दार उघडलें. बाजारांतील घर आणि शाळा यांचें नातें येथेंहि आहे. तें वाचणारा तेवढा हवा.

त्यासाठीं मोठा निधि लागत नाहीं. इतिहासाच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत चार घरें मोजावींत, त्यांचे नकाशे काढावेत, छायाचित्रें घ्यावींत, आणि त्या घरांतील वृद्ध स्त्रियांजवळ बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात; स्त्रियांजवळ मुद्दाम, कारण पुरुष घराच्या मालकीचा इतिहास सांगतात, आणि स्त्रिया घरांत काय घडलें तें सांगतात. भिडे वाड्याच्या बाबतींत असें काम तो धडधाकट असतां कोणीं केलें असतें, तर आज आपण अंदाजावर विसंबून राहिलों नसतों. न्यायालयांत एका तपाहून अधिक काळ चाललेला वाद जागेच्या मालकीचा होता. अर्थाच्या मालकीचा वाद कोणीच मांडला नाहीं, म्हणून तो आजहि आपल्यासमोर उभा आहे. त्या जागेवर पुन्हां एखादी मुलगी पाटी घेऊन बसली, म्हणजे वाडा पडला हें म्हणणें अर्धेंच खरें ठरेल. आणि ती बसली नाहीं, तर कितीहि उंच पुतळा उभारला तरी पडलेला वाडा पडलेलाच राहील.